बावखलातले मासे कुठे गेले?

चर्चमधली रविवारची दुसरी मिस्सा सुटली आणि वसईजवळच्या पापडी गावातली निम्मी माणसं घराकडे न वळता केळीच्या वाडीकडे वळली. प्रत्येकाच्या हातात रिकामी बाटली. कुणाची पाण्याची, कुणाची सरबताची, एका म्हातारबुवांच्या हातात तर खोकल्याच्या औषधाची. चमत्काराचं नाव ऐकलं की लगेच धावत सुटू नका, असं फादरांनी आजच्याच प्रवचनात बजावलं होतं. लोकांनी गंभीरपणे माना डोलावल्या होत्या, आणि रांगेत पुढचा नंबर मिळावा म्हणून शेवटचं गाणं संपायच्या आत बाहेर पडले होते.

वाडीच्या फाटकापासून रस्त्यापर्यंत रांग. गोखिवऱ्याहून, विरारहून रिक्षा करून आलेल्या बायका, गळ्यात क्रूस घातलेले आजोबा, कपाळाला कुंकू लावलेल्या काकू, सगळे एकामागे एक. इतका सर्वधर्मसमभाव वसईत एरवी फक्त पाण्याचा टँकर आला की दिसतो.

चमत्कार होता तो वाडीतल्या बावखलात. बावखल म्हणजे आपल्या वाडीतलं जुनं तळं. पावसाचं पाणी साठवायचं, विहिरींना झरा ठेवायचा, केळींना आणि पानवेलींना शिंपायचं. अशा तळ्याचं पाणी हिरवंच असायचं. वर शेवाळ, कडेला बेडूक, मधे मासे. पण या बावखलाचं पाणी तीन आठवड्यांपूर्वी एकाएकी निवळलं होतं. तळाचे दगड मोजता यावेत इतकं नितळ! वाडीचा मालक केव्हाच बोरिवलीला राहायला गेला होता आणि वाडी त्यानं भाड्यानं दिली होती श्रीरंगदादांना. पाणी निवळलं ते दादांच्या साधनेनं, असं दादांचे लोक सांगत होते.

बावखलाचं पाणी एका पिंपात काढून दादांची माणसं पैसे घेऊन बाटल्या भरून देत होती. दादा बावखलाच्या पायरीवर उभे होते. पांढरा झब्बा, त्याला अडकवलेला छोटा माइक.

"बघा, डोळे भरून बघा! हे नुसतं पाणी नाही, हे निवळ आहे, निवळ! तुमच्या घरात फिनेल आहे? आहे. ॲसिड आहे? आहे. त्यात काय असतं? केमिकल! आणि निवळमध्ये काय आहे? काही नाही! वास घ्या. आला वास? नाही आला. जिथे केमिकल तिथे वास. जिथे वास नाही तिथे केमिकल नाही. हे मी सांगत नाही, विज्ञान सांगतं!"

विज्ञानानं हे दादांना नेमकं कधी सांगितलं, ते कुणी विचारलं नाही.

"या पाण्यात ऋणभार आहे आणि तुमच्या फरशीवर धनभार. ऋण आणि धन एकत्र आले की काय होतं?"

"शून्य!" रांग ओरडली.

"शून्य जंतू!" दादांनी हात उंचावला. टाळ्या पडल्या.

"दादा, प्यायला चालतं का?" एका काकूंनी विचारलं.

"नाही, ताई. निवळ पोटासाठी नाही, वास्तूसाठी आहे. पोटात घेतलं तर त्याचा अपमान होतो. फरशीला लावा, ओट्याला लावा, लेकरांच्या खेळण्यांना लावा. आणि ज्यांच्या घरी दम लागणारं लेकरू आहे त्यांनी ते थंड धुक्याचं मशीन आणा, त्यात पाण्याऐवजी निवळ भरा आणि लेकराच्या उशाशी लावा. आता खोकला वाढेल. घाबरायचं नाही! खोकला वाढला म्हणजे आत बसलेली घाण सुटायला लागली. जितका खोकला जास्त तितकी घाण जुनी."

"आणि खोकला थांबला तर?" रांगेबाहेरून एक आवाज आला.

"तर घाण संपली, आई."

"म्हणजे वाढला तरी गुण आणि थांबला तरी गुण. छान आहे!"

आवाज मर्सीचा होता. मर्सीनं उभा जन्म विमा कंपनीत काढला होता, आणि तोही लोकांचे दावे तपासण्यात. जळालेलं दुकान खरंच जळालं की जाळलं, बुडालेला माल बुडाला की विकला, हेच बघण्यात तिची नजर घडली होती. निवृत्त झाली तरी नजर काही निवृत्त झाली नाही. पाववाला एक दिवस उशिरा आला तरी तिला वाटायचं, इथे कुठेतरी पाणी मुरतंय. त्यामुळे तिच्या संशयाला घरात आणि आळीत फारशी किंमत उरली नव्हती. मर्सी आंटी काय, संशय घेणारच!

"मम्मी, प्लीज. इथे नको," रांगेतून दबका आवाज आला. बाटली छातीशी धरून मर्सीची सून ॲनिशा उभी होती.

मर्सी गप्प बसली. ती गप्प बसली याचं कारण तिची नात एलिसा.

एलिसा चार वर्षांची. मागच्या पावसाळ्यापासून तिच्या छातीत घरघर सुरू झाली होती. धावली की दम, हसली की खोकला. तिचा बाप एल्रॉय बोटीवर नोकरीला, सहा महिने समुद्रात. औषधं, जागरणं, ऑफिसातल्या रजा, सगळं ॲनिशाच्या एकटीच्या अंगावर. ॲनिशाला वाटायचं, घरातल्या साफसफाईच्या वासांनी पोरीची छाती भरते. तिनं सासूला दोनतीनदा सांगितलंही. मर्सीनं दर वेळी नाक मुरडलं. शनिवारी न्हाणीघरात ॲसिड ओतायचं, त्यावर ब्लीचिंग पावडर भुरभुरायची, भसकन धूर उठला की दार लावून बाहेर येऊन खोकायचं, अशी तिची लग्नापासूनची रीत. "नाकात झोंबलं म्हणजे जंतू मेले," असं ती अभिमानानं सांगायची. आपल्या पद्धतीवर तिनं आयुष्यात कधी संशय घेतला नव्हता.

त्यामुळे 'तुमच्या घरातलं केमिकलच तुमच्या लेकराला त्रास देतंय' असं म्हणणारा पहिला माणूस ॲनिशाला भेटला, तो हा श्रीरंगदादा. तिच्या मनातलं बोलला आणि तिला जिंकून गेला. गेले दहाबारा दिवस एलिसाच्या उशाशी छोटं पांढरं मशीन मंद आवाज करत निवळचं धुकं सोडत होतं.

आणि खोकला वाढला होता.

*

मर्सीनं आपल्या परीनं तपास सुरू केला. तिचा पहिला संशय चुकीचा होता. तिला वाटलं, हा बिल्डरचा माणूस. आज तळ्याला देव करेल आणि उद्या रात्रीतून बुजवून टाकेल. वसईत अशी किती बावखलं मातीखाली गेली याची तिला मोजदाद होती. ती तडक शेजारच्या वाडीतल्या लेस्लीकडे गेली. लेस्लीचं स्वतःचं बावखल होतं, चांगलं हिरवंगार.

"बिल्डर नाय गो," लेस्ली कोयता बाजूला ठेवत म्हणाला. "बिल्डर असता तर मोजमाप करायला पोरं आली असती. हा तर तिथेच असतो. पंपाच्या खोलीला कुलूप लावून."

"मग पाणी निवळलं कसं?"

"तेच तर मला कळत नाय. आमची बावखलं निवळतात, पण इतकी? आजोबांच्या काळापासून बघतो मी. आणि तुला सांगू? निवळलं त्या दिवशी सकाळी वाडीत कावळे कितीतरी जमले होते. मी विचारलं तर म्हणाला, खत पुरलंय केळींना."

मर्सीनं कुंपणापलीकडे बघितलं. निळसर नितळ पाणी. इकडे लेस्लीच्या तळ्यात महापालिकेच्या लोकांनी डासांच्या अळ्या खायला सोडलेले गप्पी मासे काठाशी झुंडीनं फिरत होते, आणि एक बेडूक तिच्याकडे बघून पाण्यात पडला. तिकडे काहीच हलत नव्हतं.

"लेस्ली, त्या तळ्यातले मासे कुठे गेले रे?"

लेस्लीनं टोपी काढून डोकं खाजवलं. इतके दिवस तो त्या पाण्याकडे कौतुकानं बघत होता. हा प्रश्न त्यालाही सुचला नव्हता.

घरी येऊन मर्सीनं ॲनिशाच्या नकळत निवळच्या बाटलीतलं थोडं पाणी तळहातावर घेतलं. वास खरंच नव्हता. पण बोटं एकमेकांवर घासली तर ती सुळकन घसरली. बाटली हलवली तर वर दाट फेस आला आणि तसाच बसून राहिला. पाण्याला फेस? पण सांगणार कुणाला? सून म्हणणार, मम्मीचा संशय, दुसरं काय!

*

बुधवारी दुपारी एलिसाला श्वास घेता येईना. छाती भात्यासारखी वरखाली होऊ लागली, नखं निळी पडली. मर्सी घरात एकटीच होती. तिनं पोरीला उचललं, हाताला लागलेली निवळची बाटली पिशवीत टाकली आणि रिक्षात बसली. वाटभर ती फक्त पुटपुटत होती. प्रार्थना की शिव्या, तिचं तिलाच कळत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा तिला इतकी भीती वाटली.

हॉस्पिटलात डॉक्टर क्षितिजांनी ऑक्सिजन लावला, औषधाची वाफ दिली. संध्याकाळपर्यंत पोरीचा श्वास ताळ्यावर आला. तोवर ॲनिशा ऑफिसातून धावतपळत आली होती. डॉक्टरांनी दोघींना समोर बसवलं.

"घरात साफसफाईला काय वापरता?"

"यांना विचारा," ॲनिशानं सासूकडे बोट दाखवलं.

"हिलाच विचारा," सासूनं सुनेकडे दाखवलं.

डॉक्टरांनी आधी सासूला विचारलं. मर्सीनं आपली शनिवारची रीत सांगितली. डॉक्टर तिच्याकडे बघतच राहिल्या.

"आंटी, ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली की क्लोरीन सुटतो. तो विषारी वायू आहे. तुमच्या नाकाला झोंबतं ते जंतू मरतात म्हणून नाही, तुमचं नाक जळतं म्हणून. दम्याच्या पोरीच्या घरात तुम्ही दर शनिवारी हे करता?"

मर्सीला बसल्या जागी लाज वाटली. सून किती दिवस हेच सांगत होती. ॲनिशाच्या डोळ्यांत 'बघा!' असं लिहिलेलं होतं, पण तिच्याही वाट्याला प्रश्न यायचाच होता.

"आणि तुम्ही काय वापरता?"

"मी केमिकल वापरतच नाही. बावखलाचं निवळ पाणी. फरशीला, खेळण्यांना आणि मशीनमध्ये."

"मशीनमध्ये? म्हणजे त्याचं धुकं ती रात्रभर श्वासात घेते?" डॉक्टरांनी चष्मा काढला. "ते पाणी पिता येतं का?"

"नाही. दादा म्हणाले, पिऊ नका."

"जे पाणी पोटात घ्यायचं नाही, ते फुप्फुसात कसं घ्यायचं? फुप्फुस पोटापेक्षा कितीतरी नाजूक असतं."

मर्सीनं पिशवीतून बाटली काढली आणि हलवून टेबलावर ठेवली. फेस वर आला आणि बसून राहिला.

"हे तपासून घेते," डॉक्टर म्हणाल्या. "माझी मैत्रीण कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. तोवर मशीन बंद."

मशीन बंद झालं. शनिवारी एलिसा घरी आली. पण ॲनिशानं श्रीरंगदादांना फोन केला होता, आणि दादांकडे उत्तर तयारच होतं.

"दादा म्हणतात, घाण अर्धी सुटलीय. आता मधेच थांबलं तर उरलेली दुपटीनं बसेल," ती स्वयंपाकघरात म्हणाली. "डॉक्टरांनी तुमच्या ॲसिडचं नक्की सांगितलं, मम्मी. निवळचं नुसतं तपासते म्हणाल्या. उद्या मी ताजी बाटली आणणार आणि मशीन पुन्हा लावणार."

"ॲनिशा, तो माणूस..."

"तुम्हाला सगळ्यांचाच संशय येतो! फक्त स्वतःचा येत नाही."

ॲसिडची बाटली मर्सीनं त्या बुधवारीच बंद केली होती, पण त्यानं तिच्या शब्दाला वजन येणार नव्हतं. पोरीला आणखी एकदा ते धुकं मिळालं तर काय होईल, या विचारानं तिनं डॉक्टरांना फोन लावला. हातात फक्त उद्याची सकाळ होती.

*

रविवारी रांग आणखी लांब होती. मर्सी आली ती हातात काचेची बरणी घेऊन. बरणीत लेस्लीच्या बावखलाचं हिरवट पाणी, आणि त्यात पाचसहा गप्पी मासे. मागे लेस्ली, आणि रांगेच्या टोकाला डॉक्टर क्षितिजा. मर्सीनं त्यांना फोन करून बोलावलं होतं.

"दादा," मर्सीनं मोठ्यानं हाक मारली, "हे बावखलाचं पाणी आहे ना?"

"शंभर टक्के, आई. निसर्गाची देणगी."

"काही मिसळलेलं नाही?"

"एक थेंब नाही!"

"मग बावखलाचे मासे बावखलात सोडते. तुमच्या पाण्यात एकही उरलेला दिसत नाही."

रांगेत कुजबूज झाली. माणसं वाकून पाण्यात बघू लागली. इतके दिवस सगळे तळाचे दगडच बघत होते.

दादा हसले. "आई, साधनेचं पाणी आहे. मासा म्हणजे मांसाहार. पाणी बाटेल."

"म्हणजे आपल्या तळ्यांत देवानं मासे सोडले ती चूकच झाली म्हणायची!" लेस्ली म्हणाला. काहीजण हसले. पण बरेचजण चिडले. एका काकूंनी मर्सीला सुनावलं, "तुम्हाला नको असेल तर घेऊ नका, पण आमच्या श्रद्धेत मासे कशाला सोडता?" कुणी म्हणालं, ही बाई अशीच आहे. कुणी म्हणालं, रांग पुढे सरकवा. मर्सी बरणी धरून उभी राहिली आणि तिला कळून चुकलं, की आता ही माणसं तिला बाजूला सारणार. ती हरली होती.

तेवढ्यात ॲनिशा रांगेतून बाहेर आली. रागानं तिचा चेहरा लाल झाला होता.

"द्या इकडे ती बरणी! एकदाचा तुमचा संशय फिटू दे. मी सोडते मासे. पोहतील छान, मग तरी गप्प बसाल ना? दादा, काळजी करू नका. माझा तुमच्यावर विश्वास आहे."

तिनं सासूच्या हातातून बरणी ओढून घेतली, चपला काढल्या आणि पायऱ्या उतरू लागली. दादा म्हणाले, "ताई, राहू द्या." ती थांबली नाही. ती शेवटच्या पायरीवर वाकली, बरणी कलती केली. दादा दोन पायऱ्या एकदम उतरले आणि त्यांनी तिचं मनगट धरलं.

"अहो नको! मरतील ते!"

माइक त्यांच्या झब्ब्याला अडकवलेलाच होता. ते शब्द अख्ख्या वाडीत घुमले.

ॲनिशा तशीच वाकलेली. मग ती हळूच सरळ झाली, बरणी पोटाशी घेतली आणि वळली.

"मासे मरतील," ती म्हणाली. "आणि माझी पोरगी? तिच्या उशाशी लावायला सांगितलंत ना तुम्ही?"

"ताई, तसं नाही... मासा वेगळा, माणूस वेगळा..."

"रोज रात्री मी स्वतः भरत होते ते मशीन. माझ्या हातानं." तिचा आवाज फाटला. "ती खोकत होती आणि मी आनंदानं तुम्हाला फोन करत होते, घाण सुटतेय म्हणून!"

मर्सी पुढे झाली आणि तिनं सुनेला धरलं. रांग मोडली. दादा कडेकडेनं फाटकाकडे सरकू लागले, पण तिथे डोक्यावर पाटी घेऊन कळंब गावची डेल्फिन उभी होती. ती दर रविवारी पापडीत मासळी विकायला यायची. आज गर्दी बघून आत डोकावली होती.

"अरे, हा तर पूलवाला!" ती म्हणाली. "आमच्या कलंबला पोहायच्या तलावावर कामाला होता ना हा! तिथलं हिरवं झालेलं पानी असंच निवलून द्यायचा. दुसऱ्या दिवशी पोरं उड्या मारायची. ह्यानं कवापासून देव व्हायला घेतलं?"

लेस्लीनं मग कुणाला विचारलं नाही. पंपाच्या खोलीचं कुलूप त्यानं कोयत्याच्या पाठीनं दोन घावांत तोडलं. आत तुरटीची पोती आणि निळे कॅन रचलेले होते. कॅनवर मोठ्या अक्षरांत 'शेवाळनाशक'. त्याखाली लाल चौकटीत एक चित्र. वाळलेलं झाड, आणि शेजारी उलटा पडलेला मासा. वाचता न येणाऱ्यालाही कळावं असं ते चित्र होतं. लेस्लीनं कॅन बाहेर आणून पायरीवर ठेवला.

एकदोन तरुण दादांच्या अंगावर धावले. मर्सीनं त्यांना अडवलं. "हात लावायचा नाही. पोलीस येऊ द्या. ह्यानं काय केलं ते आधी नीट समजून घ्या, नाहीतर उद्या दुसरा येईल."

डॉक्टर क्षितिजा पायरीवर आल्या. त्या माइकशिवायच बोलल्या, आणि लोक जवळ सरकले.

"मैत्रिणीचा फोन आत्ताच आला, तिनं सांगितलं तेच या कॅनवर आहे. तुरटीनं गाळ खाली बसवला आणि या औषधानं शेवाळ मारलं. शेवाळाबरोबर मासे मेले, बेडूक मेले. ते ह्यानं खत म्हणून केळीखाली पुरले, त्यावरच लेस्लीला कावळे दिसले. हे पाणी शुद्ध झालेलं नाही. त्यातलं जे जे जिवंत होतं ते मेलं, म्हणून ते नितळ दिसतं. आणि बाटल्या भरायच्या पिंपात ह्यानं तेच औषध आणखी घातलंय, म्हणून हाताला बुळबुळीत लागतं आणि फेस येतो."

"पण डॉक्टर, फरशी खरंच स्वच्छ होत होती," मघाच्या काकू म्हणाल्या.

"होणारच. याच जातीचं जंतुनाशक फरशी पुसायच्या कितीतरी द्रावणांत असतं, हॉस्पिटलातही असतं. मापानं पाण्यात घालून फरशीवर वापरा, खिडकी उघडी ठेवा, लेकरू रांगत असेल तर नंतर साध्या पाण्यानं पुसून घ्या. तेवढ्यापुरतं ते कामाचं आहे. पण त्याचं धुकं करून श्वासात घेतलं तर ते फुप्फुसाच्या आतल्या अस्तराला भाजतं. खोकला येतो तो घाण सुटते म्हणून नाही. शरीर ओरडून सांगत असतं, की हे बंद करा."

"वास तर नव्हता," कुणीतरी म्हणालं.

"वास नसला म्हणजे विष नाही, असं कुणी सांगितलं? ह्यानंच ना? आणि केमिकल हा शब्द ऐकून घाबरायचंही कारण नाही. पाणीसुद्धा रसायनच आहे. विचारायचं ते एवढंच, की यात काय आहे, किती आहे, आणि ते जायचं कुठे आहे, फरशीवर की छातीत. बाटलीवर काहीच लिहिलेलं नसेल तर ती घरात घेऊ नका. दोन बाटल्या एकत्र करू नका. प्यायच्या पाण्याच्या बाटलीत असलं काही भरू नका, लेकरू तोंडाला लावेल. यात साधना नाही, चमत्कार नाही. नुसतं वाचायचं आणि विचारायचं."

लोक आपापल्या हातातल्या बाटल्यांकडे बघत होते. मग ते खोकल्याच्या बाटलीवाले म्हातारबुवा पुढे आले. त्यांनी आपली बाटली निळ्या कॅनशेजारी ठेवली आणि विचारलं, "घरी दोन भरलेल्या आहेत. गटारात ओतू?"

"नको, आजोबा. गटार खाडीला जातं. इथेच आणून द्या, सगळ्या एकत्र महापालिकेच्या ताब्यात देऊ."

दुपारपर्यंत त्या पायरीवर ठेवायला जागा उरली नाही.

*

एलिसाची छाती एका दिवसात सुधारली नाही. चमत्कार असता तर सुधारली असती. महिनाभर औषध घ्यावं लागलं, दोनदा रात्री घाबरवलंही तिनं. मग घरघर हळूहळू उतरली.

एका संध्याकाळी ॲनिशा सासूजवळ येऊन बसली.

"मम्मी, तुम्हाला पहिल्या दिवसापासून कळलं होतं."

"कळलं नव्हतं ग. मला संशय आला होता, आणि तो तर मला पाववाल्याचाही येतो. तो बिल्डरचा माणूस आहे असं धरून बसले होते मी." मर्सी कसनुशी हसली. "नुसता संशय घेऊन काय झालं? पोरगी माझ्या डोळ्यांसमोर निळी पडली. आणि ॲसिडचं तू सांगत होतीस ते मी तपासून बघितलं असतं, तर तुला त्या माणसाकडे जायची वेळच आली नसती. बरणी घेऊन पायऱ्या उतरलीस ती तू."

"मी तर तो खरा आहे हे दाखवायला उतरले होते."

"मग? खरं असतं तर मासे पोहले असते. ज्याच्यावर विश्वास आहे त्यालाही असंच पाण्यात उतरून तपासायचं असतं."

अंगणात एलिसा धावत होती. धावताना ती हसली, आणि दोघीही बोलायचं थांबून खोकल्याची वाट बघत राहिल्या. खोकला आला नाही. ॲनिशानं सासूचा हात घट्ट धरला आणि मग ती मोकळेपणानं रडली.